बुडखा आत, शेंडा बाहेर

बाभळीची काटी, म्हणजे तोडलेली काटेरी फांदी, हाताने उचलायची नसते. आमच्या आबांकडे त्यासाठी एक बेळकं होतं: हिवराची सहा-सात फूट लांब काठी, पुढं दोन बोटांसारखी फुटलेली, धरायच्या जागी घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली. काटी जमिनीवर पडली की बेळक्याची दोन बोटं तिच्या पोटात घालायची, पाय रोवायचा आणि ढकलत न्यायची. काटी चालताना मातीवर बारीक ओरखडे उमटायचे, कोंबड्यांनी उकरल्यासारखे. मी त्या ओरखड्यांवरून अनवाणी चालायचे आणि हमखास एखादा काटा पायात मोडून घ्यायचे.

आमचं गाव सोलापूरहून नान्नजच्या पुढं. काळी रानं, मध्येच उघडा माळ, आणि नजर जाईल तिथपर्यंत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. एवढ्या सगळ्या रानाला कुंपण कोण घालणार? कुपाटी घातली जायची ती विहिरीजवळच्या मळ्याच्या तुकड्याला, खळ्याला आणि कडब्याच्या गंजीला. आमच्याकडे कुंपण हा शब्द बोलताना फारसा येत नाही. आमची ती कुपाटी. दिवाळी झाली, शाळू गुडघ्याला लागला की आबा कुऱ्हाडीला धार लावायचे, आणि घरात कुणी न सांगताच कळायचं की उद्या काट्या तोडायच्या.

काट्या तोडण्याचंही शास्त्र होतं. बाभळीची फांदी हवी, पण पार कोवळी नको. कोवळ्या फांदीचे काटे लवकर गळतात. बोराटी सगळ्यात चांगली, कारण बोरीचा एक काटा सरळ असतो आणि दुसरा वाकडा, अंकुशासारखा. सरळ काट्यातून माणूस सुटतो, वाकड्यातून सुटत नाही. धोतर अडकलं तर फाटल्याशिवाय निघत नाही. हिवर कमी पडला तर वेडी बाभूळ. ती आपल्याकडची नव्हे, अमेरिकेच्या उष्ण मुलखातून आलेली. आबांना ती आवडायची नाही. "तिचा काटा इखारी हाय, पाय सुजतो," म्हणायचे. पण दुष्काळी भागात ती एवढी माजली की पुढं पुढं निम्मी कुपाटी तिचीच असायची.

आणि मग मांडणी. मी आज पन्नाशी ओलांडली, तरी डोळे मिटले की ती मांडणी दिसते. आधी पहारीनं हातहातभर अंतरावर खड्डे घ्यायचे आणि त्यांत मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवायच्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला काट्या रचायच्या, प्रत्येक काटीचा बुडखा, म्हणजे तोडलेलं जाड टोक, आत, आपल्या रानाकडं, आणि शेंडा बाहेर. दुसरी काटी पहिलीच्या बुडख्यावर चढवायची. बुडख्यांवर दगड ठेवायचा किंवा मातीचा भर द्यायचा. वरून बेळक्यानं दाबत दाबत गेलं की काटे एकमेकांत असे गुंततात की एक काटी ओढायला गेलं तर दहा हलतात. येण्याजाण्याच्या वाटेला शेवटची काटी सुटी ठेवायची. आत गेलं की तिचा बुडखा धरून ती आपल्याकडं ओढून घ्यायची. वाट बंद.

हे मला शिकवलं ते एका बैलानं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सांजच्याला मळ्यातून मेथीची जुडी घेऊन निघाले आणि वाटेतली काटी बाहेरून ढकलून लावली, उलटी. शेंडा आत, बुडखा बाहेर. रात्री शेजारच्या वाड्याचा सुटलेला बैल आला. उघड्या बुडख्याला शिंग लावून त्यानं काटी सहज बाजूला सारली आणि मेथी, हरभरा, लसणाचा वाफा, सगळं तुडवून टाकलं. सकाळी आबा मला मळ्यात घेऊन गेले. रागावले नाहीत. फक्त काटीकडं बोट दाखवून म्हणाले, "ही कुणाला टोचंल, सांग." मी आत उभी होते. मला टोचली असती. आबा म्हणाले, "बुडखा आत, शेंडा भाईर. ज्याचं भ्या हाय त्याच्याकडं काटं. आपल्याकडं न्हाई." मग माझ्याकडून ती काटी तीनदा काढून तीनदा लावून घेतली.

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. ती मला तेव्हा विचित्र वाटली होती. विहिरीच्या बाजूला, कुपाटीच्या तळाशी, त्यांनी वीतभर जागा मोकळी ठेवली होती. खिंडार पडलेलं नव्हे, हातानं ठेवलेली. दोन बाजूंना दोन दगड होते आणि मध्ये माती चालून चालून गुळगुळीत झालेली. "ती मुंगसाची वाट," आबा म्हणाले. उंदीर आणि सापांचा बंदोबस्त मुंगूस करतं, त्याला आत आलं पाहिजे. बैलाला, डुकराला, चोराला बंदी. मुंगसाला वाट.

मेढ हा शब्द मी पुढं कितीतरी ठिकाणी ऐकला. लग्नाच्या मांडवात पहिली रोवतात ती मुहूर्तमेढ, तिला उंबराची फांदी आणि आंब्याचा टहाळा बांधतात. कुठल्याही नव्या कामाची मुहूर्तमेढ रोवली असं आपण सहज म्हणतो. आणि खांबाशेजारी खांब रोवून केलेल्या लाकडी तटाला मराठीत चक्क मेढेकोट म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आबांची पहार आठवली. घर, मांडव आणि किल्ला या तिन्हींची सुरुवात एकाच खड्ड्यातून होते, हे मला फार आपलं वाटलं.

लाकडाचा तट म्हणजे काहीतरी कच्चं, तात्पुरतं, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसनं पाटलीपुत्राचं वर्णन करताना लाकडी तटाचंच वर्णन केलं आहे: ५७० बुरूज, ६४ दरवाजे, बाण सोडण्यासाठी भोकं, आणि बाहेर खंदक. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याजवळ बुलंदीबाग इथं खणताना त्या तटाचे खरेच लाकडी ओंडके सापडले, सालाच्या लाकडाचे, दोन रांगांत उभे. दोन हजार वर्षांहून जास्त काळ ओल्या चिखलात टिकलेले. मला त्यातली रांग जास्त भावते. दगड एकावर एक बसतो, पण मेढ मेढीच्या शेजारी उभी राहते. माणसांसारखी.

आणि तरीही कौटिल्यानं अर्थशास्त्रात बजावलंय की तट लाकडाचा करू नये, त्यात अग्नी दबा धरून बसलेला असतो. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. लाकडात आग असते हे कोण सांगू शकतं? ज्यानं ती पेटलेली पाहिली आहे तोच.

आमच्याकडे त्या दबा धरून बसलेल्या अग्नीची सगळ्यांना माहिती होती, पण त्याची भीती नव्हती. शाळू काढून झाला, खळं उरकलं की कुपाटी मोडायची. तोवर काट्या वाळून खडखडीत झालेल्या असायच्या. बाभळीचं जळण उत्तम, निखारा टिकतो. उन्हाळाभर आजी त्या काट्यांवर भाकरी करायची. चुलीत काटा तडतडायचा, एखादी ठिणगी उडून तिच्या लुगड्यावर पडायची आणि ती न बघताच हातानं झटकायची. ज्या कुपाटीनं शाळू राखला, तिच्यावरच त्या शाळूची भाकरी भाजली जायची. पुढच्या दिवाळीला पुन्हा नवी कुपाटी. अशी तीस-पस्तीस कुंपणं आबांनी आयुष्यात घातली असतील, आणि त्यांतलं एकही शिल्लक नाही.

बहात्तर साली मात्र त्यांनी कुपाटी घातली नाही. राखायला काही नव्हतं. ते याबद्दल कधी जास्त बोलले नाहीत, एवढंच सांगितलं.

रान मोकळं झालं की धनगर यायचे. सांगोल्याकडचे, कधी माळशिरसाकडचे. त्यांची मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत मिळायचं, त्याबदल्यात धान्य द्यायचं. त्यांच्या वाड्याचं, म्हणजे मेंढरांच्या तळाचं, कुंपण वेगळं. ते काट्या तोडत बसत नाहीत, त्यांना रोज उठून चालायचं असतं. त्यांच्याकडं वाघर असते: जाळं. पूर्वी ते घायपाताच्या दोरीचं असायचं, आता नायलॉनचं. दांडकी ठोकायची, वाघर ताणायची, संध्याकाळी कुंपण उभं आणि सकाळी घोड्यावर. उंची म्हणाल तर माझ्या छातीएवढी. लांडगा मनात आणलं तर उडी मारून आत येईल, आणि येतोही. नान्नजचा माळ म्हणजे लांडग्यांचं घरच. १९७९ साली तिथं माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि माळढोकाबरोबर काळवीट, लांडगे, खोकड यांनाही माळ उरला.

एका रात्री मी आबांबरोबर त्या वाड्यावर थांबले होते. चांदणं नव्हतं. कुत्री एका बाजूला भुंकत सुटली, आणि म्हातारा धनगर उठून नेमका उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. मला कळेना. त्यानं नंतर सांगितलं: लांडगी दोघं येतात, एक कुत्र्यांना खेळवतं आणि दुसरं कामाला लागतं. वाघर लांडग्याला अडवत नाही, थांबवते. तो क्षणभर थबकतो, जाळ्याचा अंदाज घेतो, तेवढ्यात माणूस पोचला पाहिजे. त्या रात्री एक कोकरू गेलं. सकाळी तो म्हातारा हळहळला, पण लांडग्याला शिव्या दिल्या नाहीत. "त्योबी माळावरचाच," म्हणाला. वाघर गुंडाळताना मी तिची गाठ हातात घेऊन पाहिली. ओली होती, दवानं, आणि तिला मेंढराच्या लोकरीचा वास येत होता.

आफ्रिकेतले मसाई गुराखी अजूनही काट्यांच्या फांद्यांचा गोल घालून गुरं आत घेतात. तिथं सिंह. सुदानात तशाच काटेरी वेढ्याला जरीबा म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत इंग्रजी पलटणीही रात्री मुक्काम करताना तो वेढा घालत. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवलं की गडाच्या घेऱ्यातली झाडी प्रयत्नानं वाढवावी, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये. म्हणजे तटाच्या आधी झाडी. श्रीरंगपट्टणाला, बंगळूरला, पुदुच्चेरीला तर शहराभोवती मैलोगणती काटेरी झाडांचा पट्टा राखलेला होता. १७९२ च्या फेब्रुवारीत कॉर्नवॉलिसच्या फौजेला श्रीरंगपट्टणात रात्री शिरताना आधी ही झाडी ओलांडावी लागली. आमच्या सोलापूरच्या भुईकोटाला डोंगर नाही, म्हणून त्यानं दुहेरी तट घेतला, खंदक घेतला आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव घेतला. १८१८ च्या मे महिन्यात थॉमस मन्रोच्या फौजेनं आधी पेठ घेतली, मग किल्ला. पाणी आणि दगड असूनही.

पण मला ज्या कुंपणाचा विचार वर्षानुवर्षं सोडत नाही, ते मिठाचं.

इंग्रजांनी मिठावर कर बसवला, आणि स्वस्त मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली. सिंधूपासून बऱ्हाणपुरावरून पार महानदीपर्यंत, सुमारे ४,००० किलोमीटर. तिच्या बऱ्याच भागावर कुंपण घातलं ते काट्यांचं. आधी वाळक्या काट्यांचं, आबांच्या कुपाटीसारखंच. पण आबा दोन-तीन गाड्या काट्या आणायचे, आणि त्या वाळक्या कुंपणाला मैलाला २५० टन काट्या लागत असा त्यांच्याच अधिकाऱ्याचा हिशेब आहे. वाळवी खायची, वावटळ उडवायची, वणवा जाळायचा. तेव्हा त्यांनी जिवंत झाडं लावली: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. जिथं माती वाईट तिथं दुसरी माती आणून टाकली, जिथं पाणी नाही तिथं विहिरी खोदल्या. नीट वाढलं तिथं हे कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट जाड होतं. बारा हजारांवर माणसं रात्रंदिवस राखणीला. हे काम मनापासून वाढवणारा अधिकारी म्हणजे ॲलन ह्यूम, ज्यानं पुढं १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८७९ च्या १ एप्रिलला ही रेषा मोडीत निघाली, आणि झाडं कुणी तोडली, कुणी जाळली, काही तशीच रानात मिसळून गेली.

बोर तीच, बाभूळ तीच. आबांनी शाळूसाठी वापरलेली झाडं आणि गरिबाच्या भाकरीवरचं मीठ अडवायला लावलेली झाडं एकच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. झाडाचा काही दोष नाही, हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटलं, जसं आपल्या ओळखीचं माणूस भलत्या ठिकाणी उभं दिसलं की वाटतं.

मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा रिक्षावाल्याच्या तोंडून सेटलमेंट हा शब्द ऐकला. पत्त्यातला शब्द, जसा नवी पेठ, जसा सात रस्ता. नंतर त्याचा अर्थ कळला. १८७१ पासूनच्या कायद्यांनी इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी आणि आणखी कितीतरी. सोलापुरात त्यांची वसाहत केली. भोवती तारेचं काटेरी कुंपण, हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि दिवसा गिरण्यांत काम. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हे लोक नाहीत. कायदा रद्द झाला १९५२ च्या ३१ ऑगस्टला. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात.

माझ्या ओळखीच्या एक कैकाडी आजी होत्या. त्यांचं बालपण तारेच्या आतलं. त्या तरवडाच्या फोकांच्या टोपल्या विणायच्या. ओल्या फोकाची बोटाएवढी जुडी मांडीवर घ्यायच्या, तळाला चांदणीसारखी रचना करायच्या आणि फोक वर वळवत वळवत भिंत चढवायच्या. विणकाम बघत बसलं की कळत नसे, ही टोपली चाललीय की कुंपण. कणग्या, डालगी, झोपडीचे कूड, गावाची सगळी आडोशाची कामं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या बोटांनी केली, त्याच लोकांना आडोशाच्या नावाखाली कोंडलं. मी एकदा त्यांना भीत भीत विचारलं, तार कशी होती. त्यांनी फोक वळवता वळवताच सांगितलं, "कशी असंल? दोन्ही अंगानं सारखीच."

तेच खरं. तारेला बुडखा नाही, शेंडा नाही. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, ते गुरांसाठी, आणि काही दशकांतच ती तार जगभर माणसांभोवती ताणली गेली. काटी लावणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं की टोक कुणीकडं करायचं. त्यासाठी वाकावं लागतं, बघावं लागतं, भीती कुणाची आहे हे मनाशी कबूल करावं लागतं. तार एकदा ताणली की कुणालाच काही ठरवावं लागत नाही. ती वाळत नाही, चुलीत जात नाही, पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारत नाही. म्हणून कायद्यासारखीच ती वर्षं वर्षं तशीच राहते.

सोलापूरला स्वतःची एक वेस आहे, ती मात्र मला फार प्रिय आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत सातही नंदीध्वज मानकऱ्यांच्या खांद्यावर निघतात आणि त्या लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. मी दरवर्षी बाळीवेशीत उभी राहते. ती उंच काठी तोलत चाललेल्या पोरांच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या असतात, पांढऱ्या बाराबंद्या घामानं ओल्या झालेल्या असतात. गावाची हद्द चालून, खांद्यावर ओझं घेऊन, दर वर्षी नव्यानं आखायची. कुणाला टोचत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. आबा जाऊन बावीस वर्षं झाली. रान आता धाकटा भाऊ बघतो. रानडुकरांनी मक्याची दैना केली म्हणून त्यानं झटका मशीन बसवलंय. सौर पाटी, बॅटरी, आणि लोखंडी पाइपांवर ताणलेल्या चार तारा. दर सेकंदाला टक्‌ टक्‌ असा आवाज येत राहतो. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "ताई, काट्या तोडायला माणूस कुठाय? आणि बाभळी तरी कुठं राहिल्या बांधावर?" त्याचं खरं होतं. मजूर मिळत नाही, आणि डुक्कर वाट बघत बसत नाही. कडब्याच्या गंजीला मात्र त्यानं अजून कुपाटीच घातली होती. मी जवळ जाऊन बघितलं. बुडखा आत, शेंडा बाहेर.

संध्याकाळी विहिरीकडं गेले तेव्हा त्यानं मशीन बंद केलं होतं. मी तारांच्या कडेनं चालत होते. सगळीकडं खालची तार जमिनीपासून चार बोटांवर, पण विहिरीच्या बाजूला एका ठिकाणी ती वीतभर उचलून दोन दगडांवरून नेली होती. तारेला तिथं निळ्या रबरी पाइपचा तुकडा चढवलेला. मला वाटलं तार सैल झाली, डुक्कर शिरेल, म्हणून मी त्याला हाक मारून दाखवलं.

"सैल न्हाई गं," तो बादली ठेवत म्हणाला. "मुंगसाला नको का वाट?"

ते दोन दगड मी ओळखले.